मामांची लाल वही : कळंबोली ते रायपूर आणि परत

माझे मामा अठ्ठावीस वर्षं ट्रकवर आहेत. सुरुवातीला क्लीनर होते, तेही माझ्या वडिलांच्याच गाडीवर. वडील २००९ च्या नोव्हेंबरात एरंडोलजवळ अपघातात गेले, तेव्हा मी अकरावीत होतो. आज मी पाथर्डीकडच्या एका पतसंस्थेत हिशोब बघतो. २०२३ च्या दिवाळीत मामा घरी आले होते. जेवताना आईला म्हणाले, "वर्सभर गाडी चालवली अक्का, पण शेटची उचल फिटायच्या ऐवजी वाढलीच." मी म्हटलं, हिशोब दाखवा. त्यांनी पिशवीतून लाल पुठ्ठ्याची वही काढली. फेरीमागे एक पान, पेनानं लिहिलेलं, कुठं डिझेलच्या बोटांचे डाग. बेरजा सगळ्या बरोबर होत्या. तरीही माणूस राबतो आणि कर्ज वाढतं, हे मला कळेना. म्हणून एक फेरी सोबत करायची ठरवली. फेब्रुवारी २०२४ मध्ये रजा काढली. भाचा क्लीनर म्हणून येतोय, पगार नको, असं मामांनी शेठला सांगितलं. शेठनी लगेच हो म्हटलं.

दिवस पहिला : कळंबोली

गाडी बारा चाकी, पासिंग, म्हणजे मालासकट परवानगीचं वजन, ३५ टन. माल होता प्लास्टिकचा दाणा, पंचवीस किलोची ९६० पोती, म्हणजे २४ टन. जायचं रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीत, साधारण साडेअकराशे किलोमीटर.

गोडाऊनला आमचा नंबर सकाळी आठला लागला आणि पहिलं पोतं गाडीत पडलं दुपारी तीनला. मधले सात तास मामा स्टिअरिंगवरच होते, कारण रांग दर अर्ध्या तासानं दहा फूट सरकते आणि गाडी सोडून गेलं की मागचा पुढे घुसतो. झोप नाही, धड जेवण नाही. या सात तासांचा पगार कुणी देत नाही. वहीत मामांनी लिहिलं, "८ ते ३ उभी."

भरताना एक गोष्ट बघितली, ती पुढे महागात पडली. हमाल पोती आणतात तिथं ड्रायव्हरला उभं राहू देत नाहीत. 'सेफ्टी' म्हणून फाटकाबाहेर थांबवतात. सगळं भरून ताडपत्री ओढली की बिल्टी, म्हणजे मालाची पावती, पुढे करतात, '९६० नग मिळाले' यावर सही करायला. मामांनी मोजलेली नव्हती. मी म्हटलं, "मामा, न मोजता सही?" ते म्हणाले, "नाय केली तर गाडी फाटकातून भायेर पडत नाय, आन् शेटचा फोन येतो." त्यांनी सही केली.

शेठच्या ऑफिसात कागद घ्यायला गेलो. मुनीमजींनी बारा हजार रोख दिले, वरखर्चाला. डिझेल पंपाच्या कार्डावर, टोल फास्टॅगवर. मामांचं मूळ लायसन्स तिथल्या कपाटात आहे, हे मला त्या दिवशी कळलं. तीन वर्षांपूर्वी नोकरीला लागताना शेठनी 'सांभाळून ठेवतो' म्हणून घेतलं. रस्त्यावर मोबाईलमधल्या डिजिलॉकरवर भागतं. पण दुसरीकडे काम मागायला गेलं की नवा मालक आधी मूळ लायसन्स बघतो. ते नाही म्हटल्यावर समजून जातो की याच्या अंगावर उचल आहे. मामांच्या अंगावर ६४ हजार होती. मुलीच्या लग्नाला घेतलेली.

ई-वे बिल मी वाचलं. दिवसाला २०० किलोमीटर धरून मालाच्या कागदाची मुदत सहा दिवसांची होती. निघताना शेठ मामांना म्हणाले, "परवा रात्री रायपूर लागलं पाहिजे." सरकारनं मालाला सहा दिवस दिलेत आणि माणसाला शेठनी दोन. तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास होते, लांब पल्ल्यावर फार तर दहा. घाट, गर्दी, टोलनाके धरून ताशी पस्तीसची सरासरी पडली तरी साडेअकराशे किलोमीटरला तेहतीस तास लागतात. म्हणजे कायद्यानं चौथा दिवस उजाडतो. तो कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला लागायचा. शेठच्या चौदा गाड्या आहेत. काही बायकोच्या नावावर, काही भावाच्या, काही मेहुण्याच्या.

रात्री अकराला निघालो.

दिवस दुसरा : कसारा, नाशिक, धुळे

शीळफाटा, मुंब्रा बायपास, भिवंडी. पडघ्याला पहाटेचे तीन वाजले. इथवर शंभर किलोमीटरही झाले नव्हते आणि मामा आदल्या सकाळी पाचपासून जागे होते. पूर्वी नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर असावेत असा नियम होता. तो २०१८ मध्ये काढून टाकला. नियम होता तेव्हाही बऱ्याच गाड्यांवर दुसरा ड्रायव्हर कागदावरच असायचा, हे मामाच सांगतात. पण निदान क्लीनर तरी असायचा. चढाला गाडी थांबली तर चाकामागे दगड लावायला, रात्री ड्रायव्हरशी बोलत राहायला कुणीतरी असायचं. आता शेठ क्लीनरचा पगारच देत नाहीत. एवढ्या मोठ्या गाडीत माणूस एकटा.

कसारा घाट चढताना गाडी दुसऱ्या गिअरात कण्हत होती. केबिन भट्टीसारखी तापली. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनणाऱ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा, असा आदेश डिसेंबरातच निघाला होता. मी सांगितलं तर मामा म्हणाले, "नव्या गाडीला ना. ही अजून धा वर्सं चालंल."

इगतपुरीच्या पुढे गाडी बाजूला घेतली. वीस मिनिटं झाली नसतील, तोच फोन वाजला. शेठच्या ऑफिसातला पोरगा जीपीएस बघतो. "गाडी का उभी?" मामा म्हणाले, "जरा डोळा लागतोय." पलीकडून, "चहा मारा आणि काढा." मी मोबाईलवर मोजलं. त्या दिवशी धुळ्यापर्यंत असे अकरा फोन आले. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही म्हणून चलान फाडतात, आणि नाही घेतला तर शेठ शिव्या देतात.

चांदवडच्या अलीकडे मामांनी उजवीकडे हात केला. "तिकडं मनमाडची पानेवाडी, तेलाचे डेपो. जानेवारीत सगळे टँकर हितंच उभे होते." १ जानेवारीपासूनचं ते आंदोलन वाचकांना आठवत असेल, पेट्रोल पंपांवर लागलेल्या रांगांमुळे तरी. नव्या न्याय संहितेच्या कलम १०६ (२) मध्ये अपघातानंतर न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा होती. मामा तेव्हा कळंबोलीला तीन दिवस गाडी उभी करून बसले होते. त्या तीन दिवसांचा पगार शेठनी कापला. नंतर १ जुलैला संहिता लागू झाली, तेव्हा ते उपकलम तेवढं बाजूला ठेवलं. मामांचे तीन दिवस परत आले नाहीत.

मी विचारलं, "अपघात झाला तर तुम्ही थांबाल का?" बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "थांबलो तर लोक मारत्यात. पळालो तर पोलीस. आन् शेट म्हणतो गाडी सोडव आधी. माणूस सोडवायचं कुनीच म्हनत नाय."

दिवस तिसरा : पारोळा, एरंडोल, बाळापूर

धुळ्याच्या पुढे पहाटे तीन तास झोप मिळाली. ती मामांनी फोन बंद करून घेतली.

पारोळ्याच्या पुढे एका ढाब्यावर शेवभाजी आणि कळण्याची भाकरी खाल्ली. खानदेशी शेवभाजीची तर्री आणि बाहेर बाजेवर फेब्रुवारीचं कोवळं ऊन, फेरीतलं सगळ्यात सुखाचं तास-दीड तास तेच. मग मामा गाडीत चढले आणि रस्त्याकडे बघत गप्प झाले. मला कळलं, एरंडोल आलं.

तो रस्ता आता चौपदरी झालाय. २००९ मध्ये दुपदरी होता. समोरून ओव्हरटेक करत येणाऱ्या गाडीला वाचवताना वडिलांचा ट्रक झाडावर गेला. मामा क्लीनर साइडला होते, ते वाचले. मामांनी गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं. झाड आता नाही, रुंदीकरणात गेलं. आम्ही दोघं खाली उतरून उभे राहिलो. फोन वाजत होता. या वेळी त्यांनी तो उचलला नाही.

वडिलांच्या मालकानं पोलिसांना पहिल्याच दिवशी सांगितलं, "हा आमचा ड्रायव्हर नव्हे. बदलीवर आलेला असेल, आम्हाला माहीत नाही." सात वर्षं त्या माणसाकडे वडील नोकरीला होते. नेमणुकीचं पत्र नाही, पगार रोख, पावती नाही. तेव्हाचा १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा म्हणायचा की भरपाई देय झाल्यावर महिन्याभरात द्यावी. पण आधी तो माणूस त्या मालकाचा कामगार होता, हे सिद्ध व्हावं लागतं. आई नऊ वर्षं तारखांना गेली. शेवटी उपयोगी पडली ती पंचनाम्यातली एक ओळ, 'केबिनमध्ये सापडलेली लाल पुठ्ठ्याची वही, एक नग.' वडील प्रत्येक फेरीचा हिशोब वहीत लिहायचे आणि मालकाच्या मुनीमाची सही घ्यायचे. मुनीमाच्या त्या छत्तीस सह्यांवर आमचा दावा उभा राहिला. तेव्हापासून मामा लाल वहीच वापरतात.

मलकापूर, नांदुरा, खामगाव. अंधार पडला. बाळापूरच्या अलीकडे मागून मोठा आवाज आला आणि गाडी डावीकडे खेचली. मामांनी ब्रेकला पाय लावला नाही, स्टिअरिंग घट्ट धरून हळूहळू गाडी थांबवली. मागच्या एक्सलचा टायर फुटला होता. टायर रिमोल्डचा होता, म्हणजे झिजलेल्या जुन्या टायरवर नवं रबर चढवलेला. त्या रबराच्या पट्ट्या रस्त्यावर शंभर फूट पसरल्या होत्या. मामांनी निघण्याआधीच तो टायर शेठना दाखवला होता. वहीतही होतं, "डावा आतला टायर खराब, सांगितलं."

स्टेपनी बदलायला दोन तास लागले. मी बॅटरी धरली होती, बाजूनं गाड्या सुसाट जात होत्या. शेठना फोन केला तर पहिला प्रश्न, "किती स्पीडला होतास?" म्हणजे टायरचे पैसे कुणाकडून घ्यायचे, हे ठरलं. तेव्हा लागू असलेल्या १९३६ च्या वेतन कायद्यात होतं, की नुकसानीपोटी पगार कापायचा तर ते नुकसान कामगाराच्या हलगर्जीपणामुळे झालेलं हवं आणि आधी त्याचं म्हणणं ऐकायला हवं. मामांचं म्हणणं ऐकणारं कुणी मी त्या रात्री बघितलं नाही.

दिवस चौथा : अकोला, अमरावती, नागपूर

अकोला ते अमरावती हा रस्ता २०२२ च्या जूनमध्ये गाजला होता. ७५ किलोमीटरची एक लेन पाच दिवसांच्या आत करून जागतिक विक्रम झाला. खरंच छान रस्ता आहे. मामा त्यावर खूश होते, अ‍ॅव्हरेज चांगलं पडतं म्हणून. 'अ‍ॅव्हरेज' हा शब्द या बारा दिवसांत मी सर्वाधिक वेळा ऐकला. लिटरमागे ४.२ किलोमीटर शेठनी ठरवलंय. त्याहून जास्त जळालं तर ते डिझेल ड्रायव्हरच्या नावावर. गाडी जुनी, टायर रिमोल्ड, मध्ये घाट, प्रत्यक्षात ३.७ पडतं. शेठना हे माहीत नाही असं नाही. पंपाच्या बिलांवरून त्यांना रोज दिसतं.

तिवसा, तळेगाव, कारंजा घाडगे, कोंढाळी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याचे ढीग. दुपारी नागपूरच्या वाडीत पोचलो. शेठच्या हिशोबानं आम्ही आदल्या रात्रीच रायपूरला असायला हवं होतं. मामांनी गाडी लावली आणि सांगितलं, "आता सहा तास मी कुनाचा नाय."

ते झोपले, मी ट्रान्सपोर्टनगरात हिंडलो. चहाच्या टपरीवर ड्रायव्हर बसले होते. मी हिशोबनीस आहे कळल्यावर एकेक जण बोलायला लागला.

गयेकडचा एक तरुण होता. तीन महिन्यांचा पगार थकलेला. मालकानं त्याला संबलपूरला गाडी उभी करायला लावली, दुसरा ड्रायव्हर पाठवून चावी घेतली आणि याचा नंबर ब्लॉक केला. घरी जायला पैसे नव्हते म्हणून तो ओळखीच्या गाड्यांवरून वाडीपर्यंत आला होता. "भैया, गाडी का नंबर है मेरे पास, मालिक का पूरा नाम नहीं है," असं तो म्हणाला. दोन वर्षं काम करून मालकाचं पूर्ण नाव माहीत नाही. तो त्याला 'सेठ' म्हणून ओळखत होता आणि फोनमध्ये नावही तेच होतं.

धाराशिवकडचे एक काका होते, साठीला आलेले. ओडिशात त्यांच्या गाडीखाली सायकलवाला आला. मालकानं वकील दिला तो गाडी सोडवायला. गाडी आठ दिवसांत रस्त्यावर आली. काका पाच वर्षं तारखांना जातात, स्वतःच्या खर्चानं. जाणं-येणं चार दिवसांचं. तो मालक आता फोनवर 'कोण?' म्हणून विचारतो.

तिसऱ्याचं डिझेल रात्री झोपेत चोरीला गेलं होतं. दीडशे लिटर, पगारातून कापलं. त्यानंतर तो टाकीच्या झाकणाला दोरी बांधतो आणि दोरीचं दुसरं टोक पायाच्या अंगठ्याला बांधून झोपतो.

२०२० मध्ये सेव्हलाइफ फाउंडेशननं ट्रकचालकांची पाहणी केली होती. दिवसाला सरासरी बारा तास, ४१७ किलोमीटर, आणि जवळजवळ निम्म्यांनी थकवा किंवा झोप आलेली असतानाही गाडी चालवत असल्याचं कबूल केलं. मी संध्याकाळी मामांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बाकीचे निम्मे घाबरले आसत्याल सांगायला."

चांगले मालक नसतात असं नाही. मामा सांगलीकडच्या एका मालकाकडे चार वर्षं होते. तिथे पगार बँकेत, पीएफ, गाडी थांबली तर हॉल्टिंगच्या पैशातला वाटा, दिवाळीला घरी पंधरा दिवस. तो म्हातारा वारला, मुलांनी गाड्या विकल्या. हेही खरं, की लहान मालकालाही वरचे ट्रान्सपोर्टर दोन-दोन महिने भाडं देत नाहीत, बँकेचे हप्ते थांबत नाहीत. पण ती सगळी ओढाताण शेवटी ज्याच्या अंगावर येते, तो स्टिअरिंगवरचा माणूस त्या व्यवहारात कुठेच सही करणारा नसतो. हे मी मान्य करू शकत नाही.

दिवस पाचवा ते सातवा : भंडारा, देवरी, रायपूर

भंडाऱ्याला पहाटे वैनगंगा ओलांडली. साकोली, देवरी, मग बाघनदीला छत्तीसगड लागलं. धानाची कापलेली शेतं, रस्त्याकडेला माणसांच्या शेकोट्या. राजनांदगाव, दुर्ग, भिलाई. पाचव्या दिवशी दुपारी उरलाला पोचलो.

आणि तिथे पन्नास तास उभे राहिलो. पार्टीच्या गोडाऊनमध्ये जागा नव्हती. उशीर झाला म्हणून रस्ताभर फोन करणारं शेठचं ऑफिस आता शांत होतं. गाडी थांबली की शेठ पार्टीकडून हॉल्टिंग घेतात. मुनीमजींच्या वहीत त्याचं पान मी पुढे बघितलं. मामांना त्यातलं काही मिळत नाही. आम्ही गाडीखाली सतरंजी टाकून झोपलो, छोट्या गॅसवर खिचडी केली. शौचाला रेल्वे रुळाच्या पलीकडे. अंघोळ एकदा, एका पंपावर, वीस रुपयांत.

सातव्या दिवशी दुपारी गाडी खाली झाली. गोडाऊनवाल्यानं लिहिलं : ९५८ नग. दोन पोती कमी. ताडपत्रीची गाठ, रस्सा, सील सगळं जसंच्या तसं होतं. मामा काही बोलले नाहीत. वही काढली आणि लिहिलं, "भरताना मोजू दिलं नाही." मी खाली माझी सही केली.

दिवस आठवा : सिलतरा

परतीचा माल सळई, सिलतऱ्याच्या कारखान्यातून कळंबोलीला. शेठचा फोन आला, "एकतीस टन घे."

रिकामी गाडी दहा टन. म्हणजे एकेचाळीस, पासिंगपेक्षा सहा टन जास्त. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला वीस हजार दंड आणि वर टनामागे दोन हजार. सहा टनांना बत्तीस हजार. मामांना हा आकडा पाठ आहे. ते फोनवर म्हणाले, "शेट, पंचवीसच घेतो. टायर रिमोल्ड हायेत, कसारा उतरायचाय." पलीकडून काय बोलले ते मला ऐकू आलं, कारण स्पीकर चालू होता. "मग चावी तिथंच दे. उचल भर आणि लायसन्स घेऊन जा."

मी मामांकडे बघत होतो. मला वाटलं होतं ते नाही म्हणतील. मीच म्हटलं, "देऊ चावी. मी भरतो चौसष्ट हजार." ते म्हणाले, "तू भरशील. मग मी काय करू? आठ दिवसांत दुसरी गाडी, दुसरा शेट, दुसरी उचल." आणि गाडी काट्याकडे घेतली. काटापावतीवर आलं ४०,९८०. मी तिचा फोटो काढला. शेठच्या फोनची वेळही वहीत लिहिली. दुसरं करण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं, आणि याची चीड मला अजून आहे.

दिवस नववा ते अकरावा : परत

येतानाचा प्रवास मला तुकड्यातुकड्यांत आठवतो. चढाला गाडी चालत होती की नाही कळत नव्हतं. प्रत्येक टायरला मामा दर दोन तासांनी हातोडीनं ठोकून बघत. एका काट्यावर अडवलं. फोनाफोनी झाली, तासाभरानं सोडलं; काय ठरलं ते आम्हाला सांगितलं नाही.

अकराव्या दिवशी रात्री दीडला इगतपुरी गेली आणि कसारा सुरू झाला. मामांनी घाटाच्या वर गाडी थांबवली, ब्रेकची हवा बघितली, देवीला हात जोडले. मग मला म्हणाले, "दाराची कडी काढून ठेव. मी उडी मार म्हनलं की मारायची, इचारायचं नाय." मी विचारलं, "आणि तुम्ही?" त्यांनी उत्तर न देता गाडी दुसऱ्या गिअरात टाकली.

एकेचाळीस टन उतारावर मागून ढकलतात, ते अंगाला कळतं. सीटला, पाठीला, दातांना. इंजिन ओरडत होतं. मामा ब्रेक दाबून धरत नव्हते, टेकवत आणि सोडत होते. चौथ्या वळणाला ब्रेकचा लायनर जळल्याचा वास आला. मागून एक लक्झरी बस हॉर्न देत होती, तिला मामांनी वाट दिली नाही. त्यांचे ओठ हलत होते. पुढे सांगितलं की वळणं मोजत होते. वडिलांनी शिकवलं होतं, वळणं मोजायची, मग घाट संपतो हे पायाला आधीच कळतं. पायथ्याला गाडी कडेला लावली तेव्हा चाकांतून धूर निघत होता. मामा खाली उतरले आणि बाटलीतलं पाणी आधी टायरच्या रिमवर नाही, स्वतःच्या डोक्यावर ओतलं.

शेठचा फोन आला, "कसाऱ्याच्या खाली का उभी?"

दिवस बारावा : हिशोब

कळंबोलीला गाडी खाली झाली आणि दुपारी ऑफिसात हिशोबाला बसलो. बारा हजारांपैकी खर्च झाला ११,१००. मामांनी उरलेले नऊशे मुनीमजींसमोर ठेवले. मग मुनीमजींनी वाचायला सुरुवात केली.

फेरीचा भत्ता सात हजार जमा. धावलेले २,३०० किलोमीटर, ४.२ नं डिझेल लागायला हवं ५४८ लिटर, जळालं ६२२. फरक ७४ लिटर, ९४ रुपयांनी ६,९५६ नावे. दोन पोती तूट, ५,००० नावे. टायर, निम्मे म्हणून, ६,००० नावे. जास्तीचे सहा टन वाहून आणायला जे डिझेल जादा जळालं, तेही त्या ७४ लिटरमध्येच होतं. मी तेवढंच विचारलं, "या सहा टनांचं भाडं कुणाच्या नावे जमा?" मुनीमजी वर बघून म्हणाले, "तुम्ही कोण?"

"भाचा," मी म्हटलं. "पतसंस्थेत हिशोब बघतो."

शेठ आतल्या काचेच्या खोलीत होते. बाहेर आले, माझ्याकडे बघितलं आणि मामांना म्हणाले, "घरची माणसं धंद्यात आणायची नसतात."

कपात १७,९५६, भत्ता ७,०००. उचल ६४,००० होती, ती ७४,९५६ झाली. बारा दिवस गाडी चालवून मामांचं देणं दहा हजार नऊशे छप्पन्न रुपयांनी वाढलं. मामांनी वही पुढे केली, "मुनीमजी, सही." मुनीमजींनी शेठकडे बघितलं. शेठ फोनवर होते, त्यांनी हातानंच 'दे' म्हणून खूण केली. रोजची सवय. मुनीमजींनी सही केली आणि खाली तारीख टाकली.

बाहेर आलो तेव्हा चार वाजले होते. मामा गाडीच्या पायरीवर बसले. तंबाखू मळली, पण तोंडात टाकली नाही. मग म्हणाले, "तुझ्या आईनं कोर्टात दिलेला तो अर्ज, त्याची नक्कल हाय का रं तुझ्याकडं अजून?"

"आहे."

"आन् पगाराची कपात, त्याला कुठला कायदा म्हनला तू? बाळापूरला?"

मी सांगितलं. त्यांनी मला वही दिली. लोखंड बाजाराच्या कोपऱ्यावर एक झेरॉक्सचं दुकान आहे. तीन वर्षांच्या फेऱ्या, एकशे चौदा पानं. दुकानदारानं विचारलं, एका बाजूनं की दोन्ही. मामा म्हणाले, "एका बाजूनं. आन् सही नीट उठली पायजे."